टेकओव्हरसाठी घराचं व्हॅल्युएशन आलं १९ लाख, कर्ज शिल्लक २२ लाख. आता?

कपाशीचं_बोंड
१२ मे, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. धागा जरा लांबेल, सांभाळून घ्या.

आम्ही दर्यापूर तालुक्यातले, खारपाणपट्ट्यातलं गाव. मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर, यांची बारा एकर कोरडवाहू. २०१६ साली सासऱ्यांचं कवेलूचं घर पाडून त्याच जागेवर स्लॅबचं बांधलं, ११५० चौरस फूट. २०२१ मध्ये वर ६०० फूट चढवलं. तेव्हा एका गृहवित्त कंपनीनं पतसंस्थेचं जुनं कर्ज फेडून आणि वरच्या बांधकामाला असे मिळून २४ लाख दिले. आज व्याज ११.२५ टक्के, हप्ता २५,१८०, शिल्लक २२ लाख १० हजार, अजून साडेपंधरा वर्षं.

तालुक्याच्या एका बँकेनं ८.२५ नं टेकओव्हर करतो, म्हणजे कंपनीचं कर्ज फेडून आपल्याकडे घेतो म्हटलं. हप्ता २१ हजारांच्या आसपास येतो, म्हणजे महिन्याला चार हजारांचा फरक. पगारपत्रकं दिली, फॉर्म १६ दिला, सिबिल चांगला निघाला. मी मनातल्या मनात त्या चार हजारांची वाटणीही करून टाकली होती. मग घराचं व्हॅल्युएशन आलं, १९ लाख १० हजार. बँक त्याच्या ८० टक्के देणार, म्हणजे १५ लाख २८ हजार. वरचे पावणेसात लाख मी भरायचे!

या घराच्या नुसत्या पायव्यात साडेतीन लाख गेलेत. काळी माती उपसून मुरूम भरला, त्याचे ट्रक मी स्वतः मोजलेत. आणि व्हॅल्युअर साहेब पंधरा मिनिटं आले, समोरून फोटो काढले, दोन खोल्यांत टेप लावला आणि निघाले. जिन्यावर तुरीची पोती रचलेली होती म्हणून वर गेलेच नाहीत.

कुणाला असा अनुभव आहे का? दुसरं व्हॅल्युएशन मागता येतं का, की दुसरी बँक बघावी?

--

बावन्न_बुरुजी
१२ मे, रात्री १०:०५

ताई, तुमच्या घरात तं आले तरी. आमच्या इकडं गाडीतून उतरलेच नाई बाप्पा. काच खाली केली, फोटो काढला, मले इचारलं "मागे किती जागा हाय?", मी म्हटलं "हाये भरपूर". लिहून घेतलं अन् गेले. रिपोर्टात मागची जागा शून्य.

मी तं सोडून देल्लं. कायले डोकं खपवायचं.

--

निवृत्त_शाखाधिकारी
१२ मे, रात्री १०:५०

ताई, दुसऱ्या बँकेत पळू नका. कागद तेच राहिले तर आकडाही तिथेच येईल, वर व्हॅल्युएशनची आणि वकिलाच्या सर्चची फी पुन्हा लागेल.

आधी रिपोर्ट बघा. व्हॅल्युएशनची फी तुम्ही भरली आहे, शाखेत लेखी अर्ज देऊन प्रत मागा. प्रत देत नसतील तर समोर बसून बघू द्या म्हणा, बहुतेक अधिकारी एवढं करतात. रिपोर्ट दहा पानांचा असतो, पण तुम्हाला चारच गोष्टी हव्यात. जागेचा दर काय धरला? बांधकाम किती फूट धरलं? घराचं वय किती लावलं? आणि बँकेनं हिशेबाला कोणती किंमत घेतली? त्यात बाजारमूल्य वेगळं असतं, घाईत विकल्यास मिळेल ती किंमत वेगळी, आणि सगळ्यात खाली जप्तीत विकायची वेळ आली तर येणारी. काही बँका ग्रामीण भागात मधली धरतात.

हे चार आकडे इथे टाका, मग बोलू. त्याआधी व्हॅल्युअरला फोन करून भांडू नका. तो बँकेच्या पॅनलवरचा माणूस आहे, तुमच्याशी त्याचा व्यवहार नाही.

--

रेती_गिट्टी
१२ मे, रात्री ११:२०

सरळ सांगू का? व्हॅल्युअरला काही "चहापाणी" केलं असतं तर १९ चे ३० झाले असते. सगळे करतात.

--

निवृत्त_शाखाधिकारी
१३ मे, सकाळी ६:५५

सगळे करत नाहीत, आणि जे करतात त्यांतल्या काहींच्या फायली चौकशीत उघडलेल्या मी पाहिल्या आहेत. फुगवलेल्या रिपोर्टवर सही कर्जदाराची नसते, पण चौकशीत नाव त्याचंही येतं. बाई सरकारी नोकरीत आहेत. असला सल्ला इथे नको.

--

कपाशीचं_बोंड
१५ मे, दुपारी ४:१०

मॅनेजर मॅडमनी प्रत दिली. चांगल्या आहेत, उगाच घाबरत होते.

जागा २००० चौरस फूट, दर ३००, म्हणजे ६ लाख. तळमजला ११५० फूट, दर १७००, म्हणजे १९ लाख ५५ हजार. त्यातून घसारा ३३ टक्के वजा, उरले १३ लाख १० हजार. एकूण १९ लाख १० हजार. वरच्या मजल्यापुढे "मंजूर नकाशा नाही, विचारात घेतला नाही". शेरा : "पश्चिमेकडील भिंतीस भेगा. देखभाल साधारण." आणि घराचं वय लिहिलंय २२ वर्षं!! अहो, २०१६ चं घर आहे, दहा वर्षंही पुरती झाली नाहीत.

बँकेनं बाजारमूल्यच धरलंय, खालची किंमत नाही. तेवढी मेहेरबानी.

--

निवृत्त_शाखाधिकारी
१५ मे, सायंकाळी ६:३०

बघा, सापडलं. घसाऱ्याचा हिशेब साधा असतो. आरसीसी घराचं आयुष्य ६० वर्षं धरतात, शेवटी दहा टक्के भंगार किंमत उरते असं मानतात, म्हणजे ६० वर्षांत ९० टक्के झीज, दर वर्षाला दीड टक्का. २२ वर्षांचे ३३ टक्के. तेच वय १० लागलं तर १५ टक्के. तुमच्या तळमजल्याचे १३ लाख १० हजारांचे १६ लाख ६२ हजार होतात. एका आकड्यानं साडेतीन लाख खाल्ले.

आता प्रश्न, हे २२ आलं कुठून? माझा अंदाज आहे, पण तुम्हीच बघा. बँकेला नमुना ८ चा (ग्रामपंचायतीच्या घरकर नोंदीचा) जो उतारा दिलात, त्यात बांधकामाचा प्रकार आणि वर्ष काय आहे?

--

कपाशीचं_बोंड
१५ मे, रात्री ८:१५

उतारा काढून बघितला आणि डोक्याला हात लावला.

"विटा-माती, कवेलू छप्पर." सासऱ्यांनी २००४ मध्ये दुरुस्ती करून नोंद केली होती, तीच अजून चालू आहे. नवीन घराची नोंदच नाही. यांना विचारलं तर म्हणे, "मुद्दामच नव्हती केली. कर वाढला असता ना."

वर्षाचा कर ६४० रुपये भरतो आम्ही.

--

बावन्न_बुरुजी
१५ मे, रात्री ८:२२

😂😂 ताई हासू नका म्हणा, पण आमच्या अख्ख्या गावात नमुना ८ वर एकबी स्लॅब नाई. कागदावर पाहाल तं वाटते अजून इंग्रजाचं राज हाय.

--

निवृत्त_शाखाधिकारी
१५ मे, रात्री ९:००

हसण्यावारी नेऊ नका, हेच दुखणं आहे. ग्रामपंचायतीला घर लहान दाखवायचं, दुय्यम निबंधकाकडे किंमत लहान दाखवायची, आणि बँकेपुढे मात्र मोठं घर उभं करायचं. व्हॅल्युअरनं तुमच्याच कागदांतलं वाचून दाखवलं, एवढंच.

ग्रामसेवकांकडे अर्ज द्या (आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं म्हणे). बांधकाम बदलल्याची नोंद घेऊन नमुना ८ दुरुस्त करून मागा. तशीही दर चार वर्षांनी फेरआकारणी व्हायची असते, ती तुमच्याकडे कागदावरच झालेली दिसते. सोबत २०१६ च्या पुराव्यांची प्रत : पतसंस्थेचं मंजुरीपत्र, इंजिनिअरचं एस्टिमेट, विजेच्या मीटरचा भार वाढवल्याची पावती, सिमेंट-सळईची बिलं, काय असेल ते. तोच गठ्ठा बँकेत द्या आणि लेखी मागणी करा की वयाची नोंद चुकीची आहे, त्याच व्हॅल्युअरकडून दुरुस्ती व्हावी. "किंमत वाढवा" असं लिहू नका. "अमुक नोंद चुकली आहे, हा पुरावा" असं लिहा. पहिल्या अर्जाला नकार मिळतो, दुसऱ्याला उत्तर द्यावं लागतं.

एक लक्षात ठेवा, नमुना ८ हा मालकीचा पुरावा नाही, ती कर आकारणीची नोंद आहे. मालकीसाठी वाटणीपत्र, बक्षीसपत्र काही नोंदणीकृत आहे ना?

--

कपाशीचं_बोंड
१५ मे, रात्री ९:२५

हो, वाटणीपत्र नोंदणीकृत आहे, यांच्या नावे. गावात ड्रोनची मोजणी झालीय, पण प्रॉपर्टी कार्ड अजून हाती नाही.

--

सातबारा_आणि_मी
१६ मे, सकाळी ११:३५

प्रॉपर्टी कार्डाचा पाठपुरावा सोडू नका. गावठाणातल्या घराला सातबारा नसतो, त्यामुळे बँकेचा वकील नेहमी अडखळतो. स्वामित्व योजना २०२० मध्ये आली ती याचसाठी. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात चौकशी करा. मोजणी झाली असेल तर बहुतेक वेळा हरकतीवर किंवा सनदेच्या फीवर अडलेलं असतं. कार्डावर जागेचं क्षेत्र पक्कं येतं. पुष्कळांच्या बाबतीत नमुना ८ वरच्या फुटांपेक्षा जास्त निघतं, क्वचित कमीही. मनाची तयारी ठेवा.

--

शाकारणी
१६ मे, दुपारी २:५०

भेगांबद्दल लिहितो, माझा धंदाच तो. अकोल्याकडे बांधकामं करतो, पूर्णेच्या खोऱ्यातली माती चांगली ओळखतो.

आपली काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात शेतातल्या भेगेत हात कोपरापर्यंत जातो, तेच घराखाली चाललेलं असतं. तुमच्याकडे व्हॅल्युअर आला मेमध्ये, म्हणजे भेगा सर्वांत रुंद असतात तेव्हा. हाच माणूस ऑक्टोबरात आला असता तर निम्म्या भेगा त्याला दिसल्याही नसत्या.

पण ताई, सगळ्या भेगा सारख्या नसतात. प्लॅस्टरला केसासारख्या, कोळ्याच्या जाळ्यागत असतील तर विसरा. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघून खाली जोत्याकडे जाणारी, एक रुपयाचं नाणं आत जाईल एवढी असेल, तर पाया हललाय. कॉलम आणि भिंतीच्या सांध्यावरची उभी सरळ भेग बहुतेक वेळा सांध्याचीच असते, घर त्यानं पडत नाही. मुरूम भरून प्लिंथ बीम घेतला असेल तर माझा अंदाज तिसरी असावी. फोटो टाका.

--

कपाशीचं_बोंड
१६ मे, सायंकाळी ७:०५

फोटो टाकलाय. पश्चिमेच्या खोलीत, कॉलमच्या कडेनं सरळ खाली. दर उन्हाळ्यात दिसते, दिवाळीला रंग देताना बुजवतो. त्याच भिंतीबाहेर न्हाणीचं पाणी जातं, आणि तीनेक फुटांवर कडुलिंब आहे, सासूबाईंनी लावलेला.

--

शाकारणी
१६ मे, रात्री ८:४०

सांध्याचीच. पण न्हाणीचं पाणी आणि कडुलिंब मिळून उद्या तिचं दुसरं काही करतील. एका बाजूनं माती कायम ओली, दुसरीकडे झाडाची मुळं पाणी ओढतायत, घर मधे. न्हाणीचं पाणी पाइपानं लांब शोषखड्ड्यात काढा. भिंतीला लागून चारी बाजूंनी तीन-चार फूट रुंद कोबा करा, बाहेर उतार देऊन. झाड तोडा म्हणत नाही, सासूबाईंनी लावलंय म्हणता.

बँकेसाठी परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअरचा एक पानाचा दाखला घ्या : भेग सांध्याची आहे, इमारत सुस्थितीत आहे. त्यानं दर वाढणार नाही, पण "साधारण" हा शेरा जाईल. आणि हो, जिन्यावरची पोती उचला.

--

वऱ्हाडी_परदेशी
१७ मे, पहाटे ५:१५

मूळचा अंजनगावचा, सध्या अमेरिकेत. इथेही रीफायनान्सला हेच होतं, ते अप्रेझल म्हणतात. फरक असा की इथे त्या रिपोर्टची प्रत कर्जदाराला द्यावीच लागते, कायदाच आहे. आणि अप्रेझर आसपास नुकत्याच विकल्या गेलेल्या घरांशी तुलना करून किंमत ठरवतो, साधारण तीन घरं. माझ्या वेळी त्यानं रेल्वे लाइनच्या पलीकडची घरं घेतली होती. मी अलीकडच्या तीन विक्री शोधून बँकेला लेखी दिल्या, त्याला इथे रीकन्सिडरेशन ऑफ व्हॅल्यू म्हणतात. थोडी वाढली किंमत, पण मला हवी होती तितकी नाही. कर्ज किमतीच्या ८० टक्क्यांवर गेलं की इथे वेगळा विमा गळ्यात पडतो, तो शेवटी पडलाच.

गावाकडे अशा विक्रीच्या नोंदी मिळतात का, माहीत नाही.

--

सातबारा_आणि_मी
१७ मे, सकाळी १०:००

मिळतात की! नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च आहे, जिल्हा-तालुका-गाव निवडून मालमत्ता क्रमांक टाकला की नोंदलेल्या दस्तांची सूची २ दिसते. किंमत, क्षेत्र, तारीख, सगळं. सर्व्हर चालू असला तर. रात्री अकरानंतर प्रयत्न करा.

अडचण वेगळी आहे. गावठाणात घरं विकली जात नाहीत, वाटली जातात. वाटणीपत्र, हक्कसोड, मृत्यूनंतरच्या वारस नोंदी. वीस वर्षांत दोन-तीन खरी विक्रीपत्रं सापडली तरी नशीब. म्हणून व्हॅल्युअर रेडी रेकनरकडे, म्हणजे सरकारी दरपत्रकाकडे वळतो. तो दर २०२२ नंतर तीन वर्षं गोठलेला होता, १ एप्रिल २०२५ ला वाढला, तेही ग्रामीण भागात सरासरी ३.३६ टक्केच.

--

कपाशीचं_बोंड
१९ मे, रात्री ११:५०

रात्रीच चालते खरंच ती साइट. सूची २ मध्ये आमच्याच गल्लीतला एक दस्त सापडला, २०२४ चा, फुटाला ३८० पडतो. आता गंमत ऐका. तो प्लॉट फुटाला ६०० नं गेला, हे साऱ्या गावाला ठाऊक आहे. पण नोंदला ३८० नं.

--

निवृत्त_शाखाधिकारी
२० मे, सकाळी ७:१०

३८० चाच दस्त जोडा. ६०० ची गोष्ट बँकेत काढू नका, व्हॅल्युअरला दस्तापलीकडे जाता येत नाही.

--

जागरूक_ग्राहक
२० मे, दुपारी १:२०

मी वाचलंय की रिझर्व्ह बँकेच्या नियमानं ३० लाखांपर्यंत ९० टक्के कर्ज मिळतं. मग ही बँक ८० का देते? सरळ बँकिंग लोकपालाकडे तक्रार टाका.

--

निवृत्त_शाखाधिकारी
२० मे, दुपारी ३:४५

९० ही कमाल मर्यादा आहे, हक्क नाही. ३० लाखांपर्यंत ९०, त्यापुढे ७५ लाखांपर्यंत ८०, त्याहून वर ७५. त्याच्या आत किती द्यायचं हे बँकेचं धोरण ठरवतं, आणि गावठाणातल्या घराला बहुतेक बँका हात आखडताच ठेवतात. कारण सांगू? उद्या कर्ज थकलं तर त्या गावात ते घर घ्यायला बाहेरचा कोण येणार? भाऊबंदच येणार, आणि ते तर लिलावाला फिरकतही नाहीत.

लोकपाल योजनेत बँकेच्या व्यावसायिक निर्णयावर तक्रार चालत नाही. कर्ज किती द्यायचं हा तोच निर्णय. अर्जाला उत्तरच दिलं नाही, फी घेऊन पावती दिली नाही, असलं काही असेल तर जरूर जा.

त्यापेक्षा ताई, सध्याच्या कंपनीला विचारलंत का? २०२५ मध्ये फेब्रुवारी ते डिसेंबर रेपो (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दरानं पैसे देते तो) ६.५० वरून ५.२५ वर आला. बँकांची फ्लोटिंग गृहकर्जं १ ऑक्टोबर २०१९ पासून रेपोसारख्या बाहेरच्या दराला बांधलेली आहेत, त्यांना ही कपात द्यावीच लागली. गृहवित्त कंपन्यांना ते बंधन नाही, त्या स्वतःचा दर ठरवतात. म्हणून तुम्ही ११.२५ वर बसून आहात. बँकेचं तत्त्वतः मंजुरीपत्र हाती घेऊन कंपनीकडे कर्ज बंद करण्याचं पत्र मागा. ते पत्र मागितलं की फोन येतो, बघाच.

--

कपाशीचं_बोंड
२७ मे, रात्री ९:१०

काका, तुमचं तोंड गोड होवो. पत्राचा अर्ज दिला, दुसऱ्याच दिवशी फोन. "मॅडम, आपण इतक्या जुन्या ग्राहक..." ९.७५ करून देतो म्हणाले, रूपांतर फी घेऊन. म्हणजे हप्ता साधारण २३ हजार. गेली दोन वर्षं मी दर कमी करा म्हणून मेल टाकतेय, तेव्हा हेच लोक "सिस्टिममध्ये ऑप्शन नाही" म्हणत होते.

हे म्हणतात घेऊन टाक, कटकट मिटली. मला मोह होतोय.

--

बावन्न_बुरुजी
२७ मे, रात्री ९:३०

ताई नका घेऊ. आज ९.७५ करतीन, पुढच्या साली परत वर नेतीन. मग काय पुन्हा पत्र मागत बसता?

--

शाकारणी
२७ मे, रात्री १०:१५

मी उलट म्हणेन, व्हॅल्युएशनचा निकाल येईपर्यंत हातातलं सोडू नका. नाही म्हणू नका, हो पण म्हणू नका.

--

सुगरण_अकोट
२८ मे, सकाळी ९:४०

मध्येच तोंड घालते. आमच्या वेळी टेकओव्हरमध्ये बँकेनं कर्जाचा विमा लावला, एकरकमी हप्ता, आणि तो कर्जातच मिसळला. आधीच किंमत कमी, त्यात विम्यानं जागा खाल्ली, आणि शेवटी आम्हाला पन्नास हजार जास्त भरावे लागले. तो विमा सक्तीचा नसतो. हवा तर बाहेरून साधा टर्म घ्या.

आणि तूट भरायला पर्सनल लोन घेऊ नका. सव्वाआठच्या कर्जासाठी पंधराचं घ्यायचं, यात काय शहाणपण?

--

कपाशीचं_बोंड
२३ जून, रात्री ८:५०

उशिरा लिहितेय. शाळा उघडली, पेरणी सुरू झाली.

तर व्हॅल्युअर पुन्हा आले, तेच. या वेळी जिना मोकळा होता. नमुना ८ दुरुस्त, जुनी बिलं, इंजिनिअरचा दाखला, सूची २, सगळं एका फायलीत लावून ठेवलं होतं. ते ओसरीत खुर्ची घेऊन बसले आणि एकेक कागद उलटत गेले. पतसंस्थेचं २०१६ चं मंजुरीपत्र दोनदा वाचलं. मग चष्मा काढून म्हणाले, "मॅडम, हे पहिल्यांदाच दिलं असतं तर मी दुसऱ्यांदा आलोच नसतो." खरं तर मला राग यायला हवा होता, पण आला नाही. चहा घेतला त्यांनी. (साधाच चहा, रेती_गिट्टी!)

नवा आकडा : जागा ३८० नं ७ लाख ६० हजार, तळमजला १६ लाख ६२ हजार, एकूण २४ लाख २२ हजार. भेगेचा शेरा गेला. वरचा मजला वर जाऊन मोजला, फोटो काढले, पण धरला नाही. आमच्याकडे ग्रामपंचायतीची नुसती ना-हरकत आहे, मंजूर नकाशा नाही. तिथे त्यांचंही काही चालत नाही म्हणाले, आणि ते मला पटलं.

८० टक्क्यांनी १९ लाख ३७ हजार. मधले दोन हप्ते जाऊन शिल्लक २२ लाख १ हजार. तूट उरली २ लाख ६४ हजार. पावणेसात लाखांवरून इथवर.

घरात कापूस आहे, तीसेक क्विंटल. भाव वाढेल म्हणून यांनी दिवाळीपासून मागच्या खोलीत भरून ठेवलाय. तिथे झोपलं की अंगाला खाज सुटते. काल रात्री त्यावरून आमचं जे झालं ते इथे लिहीत नाही. आज सकाळी गाडी बोलावली त्यांनी. त्यात माझी भिशी जोडली की होतं.

--

निवृत्त_शाखाधिकारी
२३ जून, रात्री ९:३०

शाब्बास. आता क्रम चुकवू नका. तुटीची रक्कम आधी जुन्या कंपनीच्या कर्जखात्यात भरा, पावती घ्या, मग बंद करण्याचं नवं पत्र काढा, त्या आकड्यावर बँकेचा धनादेश निघेल. व्यक्तीच्या फ्लोटिंग गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड घेता येत नाही. कुणी "प्रशासकीय शुल्क" म्हणून मागितलं तर लेखी द्या म्हणा.

कागदपत्रांची यादी कंपनीकडून सही-शिक्क्यानिशी घ्या. पूर्ण फेड झाल्यापासून ३० दिवसांत मूळ कागद परत मिळायला हवेत, १ डिसेंबर २०२३ पासूनचा नियम आहे, उशीर त्यांच्यामुळे झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. हा आकडा फोनवर नुसता उच्चारला तरी कागद सापडतात. बँकेकडे नव्यानं तारण ठेवताना मुद्रांक शुल्क पुन्हा लागेल, आणि नोटीस ऑफ इंटिमेशन (घर तारण ठेवल्याची नोंदणी खात्याला द्यायची सूचना) ३० दिवसांत ऑनलाइन भरायची आहे. बँकेला विचारा, तिचा माणूस भरतो की तुम्ही.

--

वऱ्हाडी_परदेशी
२४ जून, पहाटे ४:४०

वा ताई! कापूस कितीनं गेला?

--

कपाशीचं_बोंड
२४ जून, रात्री ९:००

विचारू नका. यांच्यासमोर तर मुळीच नाही.

--

कपाशीचं_बोंड
१९ जुलै, रात्री १०:२०

शेवटचं कळवते. टेकओव्हर झालं. नवा हप्ता १८,५८५. सगळा खर्च मिळून २२ हजारांच्या आत आला, विमा नाही घेतला (मॅडमनी तीनदा विचारलं). मूळ कागद तीस दिवसांच्या आत मिळाले, वाटणीपत्रासह. न्हाणीचं पाणी लांब काढलं, कोब्याचं काम दिवाळीनंतर. कडुलिंब आहे तिथेच आहे. प्रॉपर्टी कार्ड अजून नाही, भूमी अभिलेखात तीन चकरा झाल्या.

आणि काल ग्रामपंचायतीची नवी पावती आली. ६४० चे २,३१० झाले. हे पावती घेऊन बराच वेळ ओसरीत बसले होते. मग मला हाक मारली.

"वरच्या मजल्याचाबी लावला काय यांनी?"

म्हटलं हो. बँकेनं नाही धरला, पंचायतीनं धरला.